केसपेपरवरची आद्याक्षरं

प्रश्न : जयसिंगपूरच्या एका दवाखान्यात नुकतीच मदतनीस म्हणून लागले आहे. केसपेपरवरचं ‘एनबीएम’, ‘बीडी’, ‘एसओएस’ कळत नाही. विचारायला संकोच वाटतो.

उत्तर : ताई, चुकण्यापेक्षा विचारणं बरं. ओडी म्हणजे दिवसातून १ वेळा, बीडी २, टीडीएस ३ वेळा. एसओएस म्हणजे गरज पडली तरच, स्टॅट म्हणजे लगेच. औषध मात्र सिस्टरच देतील. एनबीएम म्हणजे तोंडावाटे काहीच नाही. ऑपरेशनआधी आजी ‘घोटभर चहा तरी दे गं’ म्हणाल्या, तरी द्यायचा नाही. भुलीत उलटी झाली, तर पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं. आणि कपाळाला हात लावून ‘अंग गरम’ म्हणू नका. थर्मामीटरचा आकडा वेळेसह लिहा.