सिस्टिम नवी झाली, पुरवणी का थांबली?

संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळी चार खिडक्या उघडल्या आहेत असे समजा. एकीत प्रयोगाची निरीक्षणे आहेत, दुसरीत आलेख, तिसरीत पाठ्यपुस्तकाचे पान आणि चौथीत तुमचा अहवाल. कोणती खिडकी कोठे मांडायची, कोणती पुढे आणायची, कोणती लहान करायची, हे काम एक वेगळा प्रोग्रॅम करीत असतो. त्याला विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्यांचा व्यवस्थापक, म्हणतात. त्याला न येणारे एखादे काम हवे असेल, तर बाहेरून एक छोटा प्रोग्रॅम जोडता येतो. पडद्याचे चार समान भाग करून प्रत्येकात एकेक खिडकी बसवणे, हे असेच एक काम. अशा जोडलेल्या प्रोग्रॅमला एक्स्टेन्शन म्हणतात. परीक्षेत उत्तरपत्रिकेला आपण पुरवणी जोडतो, तसाच हा प्रकार. म्हणून या लेखात त्याला आपण 'पुरवणी' म्हणू.

आता एके दिवशी तुम्ही संगणकाची सिस्टिम नवी करता. सगळे सुरळीत सुरू होते; फक्त पुरवणी गप्प बसते. अशा वेळी शेजारचा कोणीतरी हमखास सांगतो, "फॉरमॅट मारून टाका!" हा सल्ला फार महाग पडतो. नक्कल ठेवलेली नसेल तर अहवाल जातो, घरचे फोटो जातात आणि मूळ दोष काय होता तेही कळत नाही. शिवाय तीच जुनी पुरवणी पुन्हा बसवली की ती पुन्हा गप्पच राहते! म्हणून दोष शोधायचा कसा, ते आज पाहू या.

एक खरे उदाहरण

लिनक्स कुटुंबातील उबुंटू ही सिस्टिम पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. तिच्या एप्रिल २०२२ मधील २२.०४ या आवृत्तीत पडद्याचा कारभार 'ग्नोम ४२' कडे होता. एप्रिल २०२४ च्या २४.०४ या आवृत्तीत तो 'ग्नोम ४६' कडे आला. ग्नोमचा जो भाग आपल्याला पडद्यावर दिसतो त्याला 'ग्नोम शेल' म्हणतात, आणि खिडक्यांचा व्यवस्थापक त्याच्या पोटातच काम करतो. पुरवण्याही या शेलच्या पोटातच चालतात. त्या वेगळ्या खोलीत बसत नाहीत. त्यामुळे एखादी पुरवणी अडखळली तर तिच्याबरोबर सगळा पडदाही गोठू शकतो. यासाठीच प्रत्येक पुरवणीबरोबर एक छोटी माहितीपत्रिका असते. 'मी ग्नोमच्या अमुक अमुक आवृत्त्यांवर चालते' असे तीत लिहिलेले असते. शेल ती पत्रिका वाचते आणि आपला क्रमांक तीत नसला तर पुरवणीला आत घेत नाही.

म्हणजे पुरवणी गप्प बसली याचा अर्थ काही मोडले, असा नाही. पुष्कळदा दारावरच्या पहारेकऱ्याने तिला अडवलेले असते, एवढेच.

रूळ बदलले, डबा तोच

मग त्या पत्रिकेवरचा आकडा खोडून ४६ लिहिला तर? ही युक्ती पुष्कळांना सुचते, आणि पूर्वी ती कधी कधी चालूनही जाई. ४२ वरून ४६ वर जाताना मात्र ती चालत नाही. का, ते समजण्यासाठी नागपुरातील मोतीबागेच्या नॅरो गेज रेल्वे संग्रहालयाची आठवण करा. सातपुड्यातून धावलेल्या छोट्या गाडीची इंजिने आणि डबे तेथे जपून ठेवले आहेत. त्या गाडीच्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर होते. ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर असते. नागपूर–छिंदवाडा मार्गाचे ब्रॉडगेज झाले तेव्हा जुने डबे काही रातोरात नादुरुस्त झाले नव्हते. त्यांच्याखालचे रूळ बदलले होते. जुन्या डब्यावर 'ब्रॉडगेज' अशी पाटी रंगवली म्हणून तो नव्या रुळांवर धावेल का? पाटी बदलून भागत नाही, चाके बदलावी लागतात.

ग्नोममध्ये असाच रुळांचा बदल २० सप्टेंबर २०२३ रोजी आलेल्या ४५ व्या आवृत्तीत झाला. पुरवणी जावास्क्रिप्ट या भाषेत लिहितात. तिला शेलकडून काही भाग उसने घ्यावे लागतात : वरची पट्टी, खिडक्यांची यादी, बटणे इत्यादी. ४४ व्या आवृत्तीपर्यंत हे भाग मागण्याची ग्नोमची स्वतःची पद्धत होती. 'इम्पोर्ट्स' नावाच्या एका भांडारातून ते मिळत. इकडे २०१५ मध्ये जावास्क्रिप्टच्या प्रमाण व्याकरणात याच कामासाठी 'इम्पोर्ट' हे विधान आले होते. ४५ व्या आवृत्तीत ग्नोम शेलने ते प्रमाण व्याकरण स्वीकारले. नावात फरक केवळ एका 'स'चा. पण जुन्या पद्धतीने मागणी केली तर नवे शेल आपले भाग देत नाही. उलट, नव्या पद्धतीने लिहिलेली पुरवणी ४४ व्या शेलवर चालत नाही. अगदी रुळांसारखेच! ४२ वरून ४६ वर जाणारा संगणक ही सीमा ओलांडतो. म्हणून आकडा बदलला तर पहारेकरी फसतो, पण पुरवणी आत जाऊन कोसळते.

शोध कसा घ्यावा?

प्रयोगशाळेत विद्युत मंडल जोडले आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला नाही, तर तुम्ही काय करता? सगळ्या तारा एकदम उपटत नाही. आधी कळ बंद आहे का ते पाहता, मग घट, मग एकेक जोड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जी बदलली ती पूर्ववत करता आली पाहिजे, हा नियम इथेही पाळू या. त्याआधी आपल्या महत्त्वाच्या फायलींची नक्कल पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

पहिली पायरी – निरीक्षण लिहा. 'काहीच चालत नाही' हे निरीक्षण नव्हे. पूर्वीची आवृत्ती कोणती, आताची कोणती, कोणती पुरवणी थांबली, कोणती चालू आहे, हे वहीत मांडा. उबुंटू २४.०४ मध्ये सेटिंग्ज उघडून 'सिस्टिम' आणि त्यात 'अबाऊट' पाहिले की ग्नोमचा क्रमांक सापडतो.

दुसरी पायरी – मुख्य कळ पाहा. 'एक्स्टेन्शन्स' नावाच्या प्रोग्रॅममध्ये सर्व पुरवण्यांची मिळून एक कळ असते. शेल सुरू होताना कोसळले तर पुढच्या वेळी सावधगिरी म्हणून सगळ्या पुरवण्या बंद ठेवल्या जाऊ शकतात. सगळ्याच पुरवण्या एकदम थांबल्या असतील तर पहिला संशय या कळीवर घ्या. कळ चालू असून एखादीच थांबली असेल तर तिच्यापुढे काही इशारा दिसतो का ते पाहा. आवृत्ती जुळत नसल्याची खूण बहुधा तेथेच मिळते.

तिसरी पायरी – तुलनेचा प्रयोग करा. संगणकावर नव्या नावाने एक खाते उघडा आणि त्यातून आत या. तुम्ही स्वतः उतरवून घेतलेल्या पुरवण्या तुमच्या खात्यातच असतात. नव्या खात्यात त्या नसतात. तेथे पडदा नीट चालला तर मूळ सिस्टिम निर्दोष आहे आणि दोष तुमच्या खात्यात आहे. तेथेही बिघाड दिसला तर पुरवण्यांमागे धावण्यात अर्थ नाही. एका प्रयोगाने निम्मे रान साफ होते! फॉरमॅट करायला निघालेल्याने हा प्रयोग आधी करावा.

चौथी पायरी – दोन प्रती आहेत का ते शोधा. सिस्टिम नवी करताना तिच्या स्वतःच्या फायली बदलतात. तुमच्या घरातील, म्हणजे 'होम' फोल्डरमधील, फायलींना बहुधा हात लावला जात नाही. हे तुमच्या हिताचेच आहे, पण त्यातून एक गंमत घडते. एकच पुरवणी सिस्टिमच्या जागीही असेल आणि तुमच्या घरीही असेल, तर शेल घरची प्रत आधी उचलते. सिस्टिममधील प्रत नवी झाली तरी घरची जुनी प्रत तिला झाकून टाकते. घरची प्रत पाहायची असेल तर होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि 'एच' ही बटणे एकत्र दाबा. लपलेले फोल्डर दिसू लागतील. त्यांतील टिंबाने सुरू होणारा 'लोकल', मग 'शेअर', मग 'ग्नोम-शेल', मग 'एक्स्टेन्शन्स' असे आत जा. संशयित फोल्डर पुसू नका. दुसरीकडे हलवून ठेवा. मग खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत या.

पाचवी पायरी – ते काम आता सिस्टिम स्वतःच करते का, हे तपासा. चार कोपऱ्यांत खिडक्या बसवणारी 'टायलिंग असिस्टंट' ही पुरवणी २२.०४ वर पुष्कळजण वेगळी उतरवून घेत. ऑक्टोबर २०२३ च्या २३.१० या आवृत्तीपासून उबुंटूने तिचे एक रूप सिस्टिममध्येच समाविष्ट केले. दोन्ही एकदम चालू राहिल्या तर एकाच खिडकीवर दोघींचा हुकूम चालतो आणि गोंधळ उडतो. अशा वेळी जुनी बंद करणे हाच उपाय.

निम्मे-निम्मे करण्याची युक्ती

समजा, पडदा मधूनच गोठतो आणि तुमच्या आठ पुरवण्या चालू आहेत. दोषी कोण? एकेक बंद करून पाहिली तर सात वेळा खटाटोप करावा लागू शकतो. त्याऐवजी चार बंद करा. खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत या. पडदा अजून गोठतो का? गोठत असेल तर दोषी चालू असलेल्या चारांत, नसेल तर बंद केलेल्या चारांत. आता त्या चारांचे दोन भाग करा, मग दोनांचे. आठांमधून एक शोधायला तीनच चाचण्या पुरतात, कारण २ × २ × २ = ८. सोळांना चार लागतील. मात्र ही युक्ती दोषी एकच असताना चालते. दोन पुरवण्या एकत्र आल्यावरच बिघाड होत असेल तर उत्तरे विसंगत येऊ लागतात. मग सगळ्या बंद करून एकेक चालू करीत जावे.

दोषी सापडल्यावर तिची जबानी घ्या. सिस्टिम आपल्या रोजनिशीत प्रत्येक अडखळण्याची नोंद करते. टर्मिनल उघडून 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा दिली की ती रोजनिशी वाचता येते. तीत पुरवणीचे नाव, फायलीचे नाव आणि अडलेल्या ओळीचा क्रमांकही पुष्कळदा मिळतो. सगळे कळले नाही तरी ती ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या. पुरवणीच्या लेखकाला 'चालत नाही' एवढेच कळवण्यापेक्षा ही एक ओळ आणि दोन्ही आवृत्त्यांचे क्रमांक कळवले तर त्याचे निम्मे काम होते.

चाके बदलणारी माणसे

नव्या रुळांसाठी चाके कोण बदलतो? बहुतेक पुरवण्या हौसेने, फावल्या वेळात लिहिलेल्या असतात. लेखकाने नवी प्रत काढली असेल तर ती उतरवून घ्यावी. नसेल तर थोडी वाट पाहावी, किंवा त्याच कामाची दुसरी पुरवणी शोधावी. काही दिवस पुरवणीशिवाय काम केले तरी मोठे नुकसान होत नाही.

हे काम करणारी माणसे फार दूरदेशीच असतात असेही समजू नका. केडीई हा ग्नोमसारखाच दुसरा प्रकल्प. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची 'प्लाझ्मा ६' ही आवृत्ती आली तेव्हा पाचव्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या पुष्कळ पुरवण्या नव्याने जुळवून घ्याव्या लागल्या. त्याच महिन्याच्या आरंभी केडीईच्या भारतातील कार्यकर्त्यांची परिषद पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात भरली होती. या पुरवण्यांचा मजकूर कोणालाही उघडून वाचता येतो. जावास्क्रिप्ट शिकलेला अकरावीचा विद्यार्थीदेखील जुनी आणि नवी प्रत शेजारी शेजारी ठेवून काय बदलले ते पाहू शकतो. हीसुद्धा दोन खिडक्यांची चांगली उपयोगी मांडणीच नव्हे का?

करून पाहा

१. ३२ पुरवण्यांपैकी एक दोषी आहे. निम्मे-निम्मे करण्याच्या युक्तीने जास्तीत जास्त किती चाचण्या लागतील? पुरवण्या २० असतील तर?

२. नव्या खात्यात पडदा नीट चालतो, पण तुमच्या खात्यात सर्व पुरवण्या बंद करूनही बिघाड राहतो. यावरून दोष कोठे असावा? पुढची चाचणी कोणती घ्याल?

३. शाळेतील किंवा घरातील संगणकाची आवृत्ती आणि त्यावरील पुरवण्यांची नावे आजच वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी सिस्टिम नवी होईल तेव्हा 'आधी काय होते' या प्रश्नाचे उत्तर त्या पानावर मिळेल.