'हो' किती, 'नाही' किती? गिऱ्हाइकाच्या उत्तरांचा सोपा हिशेब

माल भरण्याआधी गिऱ्हाइकाचा कल पाहणे ही आपल्या धंद्यातील जुनी रीत आहे. कापडवाला विचारतो, "यंदा सुती कुर्ता चालेल का?" शिंपी विचारतो, "तयार कपडे ठेवले तर घ्याल का?" उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे मिळते. पण अशी शंभर उत्तरे जमली की त्यांतून खरेदीचा आकडा कसा काढावा, येथे अनेक बांधव अडतात. उधारीने आणलेला माल पडून राहिला तर पेठेतील पत जाते. म्हणून हा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे.

उर्दू शाळेत आम्ही ज्याला 'औसत' म्हणत होतो, तीच मराठीतील सरासरी. आकड्यांची बेरीज करून संख्येने भागायचे. 'हो' आणि 'नाही' हे आकडे नाहीत, मग त्यांची सरासरी कशी काढणार? यावर तोडगा साधा आहे. वहीत 'हो'पुढे १ आणि 'नाही'पुढे ० लिहावे. पन्नास जणांना विचारले आणि तीस जण 'हो' म्हणाले, तर बेरीज ३०. तिला ५० ने भागले की ०.६० येते. म्हणजे शंभरात साठ. शून्य-एकची सरासरी म्हणजे 'हो' म्हणणाऱ्यांचा वाटा, दुसरे काही नाही. प्रत्येक गिऱ्हाईक साठ टक्के राजी आहे, असा अर्थ मात्र काढू नये. साठ जण राजी आहेत, चाळीस नाहीत.

काही जण 'हो'ला १ व 'नाही'ला २ लिहितात. मग सरासरी १.४० येते आणि ती पाहून काहीच उमगत नाही. म्हणून शून्य आणि एकच बरे.

कितीपैकी, हे आधी लिहा

नुसता वाटा अपुरा असतो. तो कितीपैकी आहे, हे सोबत लिहिलेच पाहिजे. जनगणनेतील साक्षरतेचे उदाहरण घ्या. कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येते का, या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असेच असते. नुसते उर्दू लिहिता-वाचता येणाराही त्यात साक्षर ठरतो. १९९१ पासून हा दर काढताना सात वर्षांखालील मुले हिशेबातून वगळतात. तीच मुले भाजकात धरली तर दर लगेच खाली येईल.

आपल्या वहीतही हेच घडते. समजा शंभर जणांत ४५ 'हो', ३० 'नाही' आणि २५ जण 'पाहू' म्हणाले. 'पाहू' वगळले तर ७५ पैकी ४५, म्हणजे ०.६०. ते धरले तर १०० पैकी ४५, म्हणजे ०.४५. 'पाहू'साठी वेगळा रकाना ठेवावा आणि खरेदी करताना लहान आकडा धरावा. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक विश्वास पाहणीत 'सुधारले', 'तसेच', 'बिघडले' अशी उत्तरे येतात. तेथे 'सुधारले' म्हणणाऱ्यांच्या टक्क्यांतून 'बिघडले' म्हणणाऱ्यांचे टक्के वजा करतात. म्हणजे १, ० आणि उणे १ यांची ती सरासरीच झाली.

दोन गावांची सरासरी

सर्वांत महाग पडणारी गफलत येथे होते. समजा एका व्यापाऱ्याची धाराशिवला आणि परंड्याला दुकाने आहेत. धाराशिवला ८० जणांना विचारले, ४८ 'हो' म्हणाले, वाटा ०.६०. परंड्याला २० जणांना विचारले, ४ 'हो' म्हणाले, वाटा ०.२०. त्याची नेहमीची गिऱ्हाइके एकूण ५०० आहेत. कुर्ते किती आणावे?

एक मुनीम दोन वाटे मिळवून निम्मे करील: ०.४०, म्हणजे २०० नग. दुसरा सर्व उत्तरे एकत्र करील: १०० पैकी ५२, म्हणजे २६० नग. दोघेही चुकले. कोणत्या गावात किती जणांना विचारले, यापेक्षा कोणत्या गावात गिऱ्हाइके किती, हे पाहायचे असते. धाराशिवला ३०० आणि परंड्याला २०० गिऱ्हाइके असतील, तर ३०० चे ०.६० म्हणजे १८० आणि २०० चे ०.२० म्हणजे ४०. एकूण २२० नग. नग ६०० रुपयांचा धरला तर २६० आणि २२० मधील फरक २४,००० रुपयांचा आहे. लहान दुकानदाराची तेवढी रक्कम हंगामभर अडकून राहील. याच कारणाने आपल्या जिल्ह्यातील आठ तालुक्यांचे साक्षरतेचे दर मिळवून आठने भागले, तर जिल्ह्याचा दर येत नाही. प्रत्येक तालुक्याची लोकसंख्या सारखी नसते.

विचारले कोणाला?

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. त्यात दर शंभर माणसांत सुमारे १७ शहरांत राहणारी होती. ज्याचे गिऱ्हाईक खेड्यातून येते, त्याने फक्त पेठेत उभे राहून विचारले तर बहुतेकांचे मत राहूनच जाते. आठवडी बाजारातही विचारावे.

किती जणांना विचारावे? यासाठी ढोबळ नियम असा: माणसे न निवडता, जी येतील त्यांना विचारली, तर २५ जणांच्या उत्तरांत शेकडा २० पर्यंत इकडेतिकडे होऊ शकते, १०० जणांत १० पर्यंत आणि ४०० जणांत ५ पर्यंत. म्हणजे माणसे चौपट केली की फरक निम्मा होतो. वरच्या उदाहरणात परंड्याचे २० जण फार थोडे आहेत. त्यांच्या भरवशावर मोठी खरेदी करू नये.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे समोरच्याला 'नाही' म्हणणे जड जाते. लिहाज म्हणून माणूस 'हो' म्हणून टाकतो. म्हणून "घ्याल का?" असे विचारण्याऐवजी "मागच्या सणाला घेतला होता का?" असे विचारावे. झालेल्या खरेदीचे उत्तर जास्त खरे निघते.

बांधवांनी वहीत पाच रकाने आखावेत: गाव, विचारलेले, 'हो', 'नाही', 'पाहू'. हिशेब २२० नगांचा आला तरी पहिल्या खेपेला दीडशेच आणावेत, बाकीचे विक्री पाहून मागवावेत. ठोक व्यापाऱ्याशी दुसऱ्या खेपेचा भाव आधीच ठरवून ठेवावा.