छोट्या फोटो स्टुडिओचा लोगो: नावापासून नोंदणीपर्यंत

छायाचित्रणाच्या नव्या व्यवसायाचा लोगो म्हणजे त्या व्यवसायाच्या नावाला दिलेले कायमचे रूप. दुकानाची पाटी, फोटोवरचा वॉटरमार्क, अल्बमचे कव्हर, बिलबुक, रबरी शिक्का, व्हॉट्सअॅपचा डीपी या सगळ्यांवर तेच रूप उमटते. पुणे-सातारा महामार्गावरच्या कामथडीसारख्या गावात स्टुडिओ थाटणाऱ्याकडे साखरपुडा, हळद, लग्न, बारसे, जत्रा, पासपोर्ट फोटो अशी सर्व प्रकारची कामे येतात. एकाच लोगोने ती सगळी पेलायची असतात. त्यामुळे संगणकाच्या मोठ्या पडद्यावर सुंदर दिसला म्हणून लोगो पसंत करणे धोक्याचे ठरते. तो सर्वांत लहान आकारात आणि सर्वांत स्वस्त छपाईत टिकतो का, हे आधी पाहावे.

सुरुवात नावापासून होते. कामथडीच्या आसपास, भोर-वेल्हे भागात, राजगड, तोरणा, रोहिडेश्वर ही नावे साहजिकच सुचतात. त्यांच्याविषयीचा अभिमान खरा असला, तरी तीच नावे हॉटेलांपासून दूधसंकलन केंद्रांपर्यंत सगळीकडे असल्याने गिऱ्हाइकाच्या मनात स्टुडिओ वेगळा उरत नाही. शिवाय ठिकाणाचे किंवा सेवेचे केवळ वर्णन करणारे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवणे अवघड जाते. एकदा ऐकून लक्षात राहील, फोनवर सांगता येईल आणि लिहिताना चुकणार नाही, असे दोन-तीन अक्षरांचे नाव सर्वांत सोयीचे.

त्यानंतर अक्षर. लोगो आधी इंग्रजीत करून घ्यायचा आणि पाटीपुरते मराठी नाव मिळेल त्या फाँटमध्ये टाकायचे, अशी पद्धत रूढ आहे. ती उलटी असायला हवी. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी पाटी बंधनकारक आहे. मराठी अक्षरे सुरुवातीला हवीत आणि इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नकोत. तेव्हा मूळ रेखाटन देवनागरीतच करावे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार येतात. ती जागा आधीच न धरल्यास पाटीच्या कडेवर मात्रा कापली जाते. ‘दृष्टी’, ‘क्षण’ यांसारख्या शब्दांतील जोडाक्षरे शिक्क्याएवढ्या आकारात शाईने भरून जातात. तिथे रेघ जाड आणि आतली पोकळी मोठी लागते. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी घडवलेली शीर्षके या दृष्टीने अभ्यासावीत. अक्षराच्या वळणातूनच नाटकाचा बाज कळतो, वेगळ्या चित्राची गरज भासत नाही. हाताने अक्षर काढून घेणे शक्य नसेल, तर मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता, बलू असे खुल्या परवान्याचे फाँट व्यवसायासाठीही विनामूल्य वापरता येतात.

चिन्ह हवेच असे नाही. कॅमेरा, लेन्सची पाती, फिल्मची पट्टी ही चित्रे फोटोचे दुकान आहे एवढेच सांगतात. कोणाचे ते सांगत नाहीत. चिन्ह घ्यायचे तर नुसत्या काळ्या आकृतीत ओळखू येणारे घ्यावे. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीची तुतारी फुंकणारी स्त्री हा त्याचा उत्तम नमुना आहे. तिच्याखाली नाव नसले तरी ‘प्रभात’ आठवते.

रंग सर्वांत शेवटी ठरवावा. आधी लोगो पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा, अशा दोन रूपांत उभा राहिला पाहिजे. याचे कारण हळदीच्या फोटोंत दिसते. पिवळ्या अंगावर, झेंडूच्या तोरणावर सोनेरी वॉटरमार्क अक्षरशः विरघळतो. बारीक सहीसारखी अक्षरे शालूच्या जरीत हरवतात. वरमाळेच्या फोटोत मागे एलईडीच्या माळा असल्या, की तीच गत पांढऱ्याची होते. त्यामुळे दोन्ही रूपे हाताशी लागतात. मोबाइलवर झळाळणारा निळा किंवा जांभळा रंग फ्लेक्सवर मळकट उतरतो, कारण पडदा प्रकाशाचे रंग दाखवतो आणि छपाई शाईचे. मोठी पाटी छापण्याआधी त्याच मशीनवर फूटभर तुकडा छापून उन्हात पाहावा.

पाटीचे गणित महामार्गावर वेगळे असते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर कापते. नाव वाचायला तीन सेकंद धरले, तर ते ६६ मीटरांवरून, म्हणजे दोनशेहून अधिक फुटांवरून, दिसायला हवे. दर दहा फुटांना एक इंच अक्षर हा ढोबळ नियम लावला, तर उंची वीस इंचांच्या पुढे जाते. एवढ्या पाटीवर नाव आणि ‘फोटो’ एवढेच मावते. सेवांची यादी आणि वधू-वरांचे फोटो दारावरच्या फलकासाठी ठेवावेत.

काम पूर्ण झाल्यावर नुसती जेपीजी घेऊन समाधान मानू नये. ती मोठी केली की फाटते. ओपन फाईल, म्हणजे कोरल किंवा इलस्ट्रेटरमधील मूळ फाईल, अक्षरे कर्व्ह केलेली, म्हणजे आकृतीत बदललेली, पीडीएफ आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी हे तिन्ही ताब्यात घ्यावे. अक्षरे कर्व्ह केलेली नसतील, तर फ्लेक्सवाल्याच्या संगणकावर तो फाँट नसतो आणि नावाची मोडतोड होते. या फाईली मिळतील हे आगाऊ रक्कम देण्याआधीच ठरवावे; नंतर मागितल्यावर त्यांचे वेगळे पैसे लागतात.

पैसे दिले म्हणजे हक्क मिळाला, हा समज महागात पडतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या लोगोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, तो डिझायनरच असतो. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागते. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षेच धरली जाते. म्हणून कागदावर ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आणि मोबदल्याची रक्कम असावी. मोबाइल अॅपमधील तयार नमुना उचलला, तर तोच दुसऱ्या कोणाच्याही पाटीवर दिसू शकतो आणि त्याला हरकत घेता येत नाही.

नाव पक्के करण्यापूर्वी ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर मिळतीजुळती नावे मोफत शोधता येतात. छायाचित्रण सेवा वर्ग ४१ मध्ये येते. एकट्याच्या किंवा नोंदणीकृत लघुउद्योगाच्या ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे. अर्ज जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने हरकतींसाठी असतात. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लावता येते, वर्तुळातील ‘आर’ मात्र नोंदणीनंतरच. त्याआधी तो लावणे बेकायदेशीर आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे दर दहा वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते.