कबरेजवळचे आभार



घरात आजारपण आहे, मुलाची नोकरी सुटली आहे, आणि रविवारी मिस्सामध्ये आपण देवाचे आभार मानतो. ते खोटे वाटत नाही का? अशा घरी जाऊन "देवाचे आभार माना" असे आम्ही धर्मगुरू कधी कधी फार लवकर सांगून मोकळे होतो. चूक आमचीच.

संत पौल सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो (१ थेस्सल. ५:१८). परिस्थितीत; परिस्थितीबद्दल नव्हे. कॅन्सरबद्दल आभार मानावेत, असे तो म्हणत नाही. लाजराच्या कबरेकडे जाताना प्रभू येशू रडला, आणि त्याच कबरेपाशी त्याने पित्याचे आभारही मानले (योहान ११:३५, ४१). आभार मानण्यासाठी त्याने आधी डोळे पुसून घेतले, असे कुठे लिहिलेले नाही. पुढे ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले, त्याच रात्री त्याने भाकर घेऊन उपकारस्तुती केली. 'युखरिस्त' या ग्रीक शब्दाचा अर्थच तो.

लोयोलाच्या संत इग्नाशियसने रोजच्या आत्मपरीक्षणात आभाराची पायरी पहिली ठेवली, पापांची नंतर. आपणही रात्री रोझरीनंतर त्या दिवसाची एकच गोष्ट बोलून दाखवू या: शेजारणीने आणलेली पेज, रुग्णाला लागलेली दोन तास झोप. ज्याला काहीच सुचत नसेल त्याने गप्प बसावे. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, तरी ती प्रार्थनाच आहे. त्या रात्री त्याच्या वतीने घरातल्या इतरांनी आभार मानावेत.