मेडिकलला निघण्याआधी आत्याचे चार शब्द

सुहास, तुझ्या दादानं न्यूजर्सीहून तुझ्यासाठी अर्ज भरला तो 2006 साली. भावंडांच्या रांगेत आपल्या देशाचा नंबर इतका उशिरा लागतो की तेव्हा पाळण्यात असलेला तुझा ओंकार आता कॉलेजात जातो. आता अमेरिकन वकिलातीचं व्हिसाच्या मुलाखतीचं पत्र आलंय, मुलाखतीआधी मेडिकल करा म्हणून, आणि सगळ्यांचे चेहरे उतरलेत. मी जन्मभर दवाखान्यात नोकरी केली. कोल्हापुरात आपल्या शाहूपुरीतल्या कितीतरी घरांना या मेडिकलसाठी तयार करून पाठवलंय, म्हणून सांगते ते नीट ऐक.

पहिलं म्हणजे, ही काही पैलवानकीची परीक्षा नव्हे. तुझी शुगर आहे, तुझ्या बायकोचं, वैशालीचं, बीपी आहे, त्यानं या मेडिकलमध्ये कुणी नापास होत नाही. तिथला डॉक्टर मुख्यतः बघतो ते मोजकंच: छातीचा टीबी, गुप्तरोगातले एक-दोन, लसी झाल्यात का, नशेची सवय आहे का, आणि मनाच्या आजारापायी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्यासारखं काही घडलंय का. एचआयव्हीसुद्धा अमेरिकेनं 4 जानेवारी 2010 पासून यादीतून काढला. शिवाय हा डॉक्टर व्हिसा देत नाही आणि नाकारतही नाही. तो अहवाल लिहितो, निर्णय वकिलातीतला अधिकारी घेतो. शुगरच्या औषधपाण्याचा खर्च कोण करणार, असं त्या अधिकाऱ्यानं विचारलं तर दादाचे कागद जवळ असू देत.

डॉक्टर त्यांच्याच यादीतला लागतो. आपल्या फॅमिली डॉक्टरचं किंवा सीपीआर हॉस्पिटलचं फिटनेस सर्टिफिकेट तिथं चालत नाही. वकिलातीच्या संकेतस्थळावर यादी असते, तिथूनच नंबर घे. ‘मेडिकल सेट करून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर चहा पाज आणि वाटेला लाव.

लसींचं मात्र इथंच उरकून घे. धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची, गोवर-गालगुंड-रुबेलाची, कांजिण्यांची अशी वयाप्रमाणे यादी असते. कोविडची लस 2021 च्या ऑक्टोबरपासून सक्तीची होती, ती अट 2025 मध्ये निघाली, तेव्हा कुणाच्या जुन्या यादीवर जाऊ नकोस. पोरांची लसीकरणाची कार्डं शोध. तुझं कार्ड तर आईनं कधी जपलंच नसणार. हरकत नाही, नव्यानं लस घेता येते आणि काही आजारांसाठी रक्तातली प्रतिकारशक्ती तपासूनही चालते. सगळे डोस पुरे झालेच पाहिजेत असंही नाही, वयाला लागू असलेल्या लसीचा एक डोस झाला की पुढचे तिकडं जाऊन घेता येतात. फक्त प्रत्येक डोसची तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का हवा. तोंडी सांगितलेली लस तिथं धरत नाहीत.

तुझ्या सईची गोष्ट वेगळी. ती बारा वर्षांची. 2 ते 14 वर्षांच्या पोरांना आपल्याकडून जाताना टीबीसाठी रक्ताची चाचणी करतात, इग्रा म्हणतात तिला. गोवराची किंवा कांजिण्यांची लस नुकतीच टोचली असेल तर या चाचणीचा निकाल बिघडू शकतो. म्हणून ती लस चाचणीच्याच दिवशी घ्या, नाहीतर मध्ये चार आठवडे जाऊ देत. जन्मल्यावर दंडावर टोचलेल्या बीसीजीमुळं मात्र ही चाचणी फसत नाही. आणि पॉझिटिव्ह आली म्हणजे पोरीला टीबी झाला, असं समजून रडारड करू नका. जंतू कधीतरी शरीरात येऊन गप्प बसलेत एवढाच त्याचा अर्थ. मग छातीचा फोटो काढतात, तो स्वच्छ असला आणि तब्येत ठणठणीत असली की काम पुढं जातं.

ओंकारला लघवीची आणि रक्ताची चाचणी सांगतील, तीही गुप्तरोगाची. ते ऐकून त्याच्याकडं डोळे वटारू नकोस. 18 ते 24 वयाच्या प्रत्येकाची लघवी आणि 18 ते 44 च्या प्रत्येकाचं रक्त तपासायचा नियमच आहे. तुम्ही दोघं चव्वेचाळीसच्या पुढं, म्हणून तुमचं सहसा घेत नाहीत, एवढाच फरक. पोराला हे आधीच सांगून ठेव, म्हणजे तिथं ओशाळणार नाही.

आता खरं बोलायचंय ते वैशालीबद्दल. लग्नाआधी तिला टीबी झाला होता, सहा महिने गोळ्या घेतल्या, बरी झाली. तिच्या माहेरच्यांनी सोयरीक जुळताना ते झाकलं होतं. मला पुढं कळलं, मी कुणाला बोलले नाही. आपल्याकडं टीबीचं नाव काढलं की स्थळं मोडायची, म्हणून झाकलं. पण एक्स-रे काही झाकत नाही. फुप्फुसावरचा जुना व्रण तिथं दिसणारच, आणि ‘आधी काही झालं होतं का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून बसली तर साधी गोष्ट संशयाची होईल.

आनंदीबाई जोशी ठाऊक आहेत ना? 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, आणि आपल्या कोल्हापूर संस्थानानं त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागासाठी नेमलं होतं. रुजू होण्याआधीच, 26 फेब्रुवारी 1887 ला, क्षयानं पुण्यात गेल्या. वय अवघं एकवीस. तेव्हा या आजाराला औषधच नव्हतं, म्हणून त्याची एवढी दहशत. आज औषध आहे, आणि वैशाली ते घेऊन बरी झालेली बाई आहे. यात लपवण्यासारखं काय उरलं?

तेव्हा तिचं उपचाराचं कार्ड, थुंकीचे जुने रिपोर्ट, एक्स-रेच्या फिल्म, मिळेल ते माहेरून मागव. कार्ड हरवलं असेल तर जिथं गोळ्या घेतल्या तिथल्या रजिस्टरात नाव सापडतं का बघ. त्या कागदांवर तिचं माहेरचं नाव असणार आणि पासपोर्टवर सासरचं. म्हणून लग्नाच्या नोंदणीचा दाखला त्याच फाईलीत लाव. जुनी फिल्म नव्या फोटोशेजारी ठेवली की व्रण जुनाच आहे हे डॉक्टरांना दिसतं.

तरीही थुंकी तपासायला सांगतील, याची तयारी ठेव. तीन दिवस लागोपाठ सकाळी नमुना द्यावा लागतो. त्यातलं कल्चर वाढायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि अशा वेळी मेडिकलची मुदत सहाऐवजी तीन महिनेच असते. म्हणून मेडिकलसाठी मुंबईत एका दिवसाचा मुक्काम धरून जाऊ नका. नमुना देताना लाळ नको, कफ हवा. उठल्यावर काही न खाता, साध्या पाण्यानं चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकायचं. त्या सकाळी मिशेरी लावायची नाही.

एक्स-रेसाठी बायकांनी केस वर बांधावेत. मंगळसूत्र, पिना, हुकाचे कपडे, ओंकारच्या गळ्यातली चेन, सगळं काढावं लागतं. दागिने घरी ठेवूनच जा. फोटो काढताना श्वास भरून थांबा, हलला तर परत काढतात.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाऊन त्याच सकाळी दारात उभे राहू नका. आदल्या दिवशी पोचा, अंघोळ करा, झोपा. मेडिकलला उपाशी राहायची गरज नसते, तुझ्या गोळ्याही चुकवायच्या नाहीत. तांबडा-पांढरा रस्सा मात्र परत आल्यावर. आधीच घाबरलेल्या माणसाचं बीपी वर चढलेलं असतं, त्यात मिठाची भर नको. चष्मा, रोजच्या औषधांची चिठ्ठी, ऑपरेशनचे कागद, पासपोर्ट, मुलाखतीचं पत्र हे हातातल्या पिशवीत.

दारूचं विचारलं तर जे आहे ते सांग. कधीमधी घेणं आणि व्यसन यांतला फरक डॉक्टरांना कळतो. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस कुणावर असेल तर तिचे कोर्टाचे कागद लागतात. झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी घ्यावी.

शेजाऱ्यांचं ऐकून गोंधळ करू नकोस. कॅनडाचं मेडिकल वर्षभर चालतं, इंग्लंडला सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर नुसतं टीबीचं प्रमाणपत्र लागतं. ते नियम त्यांचे त्यांना. मेडिकलनंतर डॉक्टरांनी अहवालाचं पाकीट हाती दिलं तर फोडू नकोस, आत काय लिहिलंय याची खाज सोसायची. एक्स-रेची सीडी दिली तर ती विमानात सामानात टाकायची नाही, जवळ ठेवायची.

आणि शेवटचं. व्हिसाची मुदत मेडिकलच्या तारखेला बांधलेली असते. मेडिकल सहा महिने चालणार असेल तर त्या सहा महिन्यांतच तिकडं पाऊल टाकावं लागतं. तुझा धंदा गुळाचा, आणि गुळाचा हंगाम दिवाळीपासून पुढं चालतो. मार्केट यार्डातल्या अडतीचा हिशोब, शेतकऱ्यांची देणी, वसुली याचा अंदाज घेऊनच तारखा धर. पण मेडिकल झालं म्हणून लगेच दुकान विकायला काढू नकोस, ओंकारचं नाव कॉलेजातून कमी करू नकोस. व्हिसाचा शिक्का पडलेला पासपोर्ट हातात येईपर्यंत तू गुळाचा अडत्याच आहेस, रोज सकाळी सौद्याला जायचं.