पाय दुखण्याचं 'नाटक'

प्रश्न : आमचा आठ वर्षांचा मुलगा रात्री पाय दुखतात म्हणून रडतो आणि सकाळी उड्या मारतो. आम्ही लाडाने त्याला 'नटसम्राट' म्हणतो. चुकतंय का?
– एक आई, सावंतवाडी

उत्तर : सकाळच्या उड्या हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. वाढत्या वयातलं दुखणं असंच वागतं: संध्याकाळनंतर दोन्ही पोटऱ्या किंवा मांड्या ठणकतात, चोळल्यावर बरं वाटतं आणि उजाडेपर्यंत मागमूस उरत नाही. म्हणजे काळजीचं कारण नाही हा तुमचा अंदाज बहुधा बरोबर, पण कळ खरी आहे. 'लक्ष दिलं की सोकावेल' असं घरातली मोठी माणसं म्हणतील. दोन मिनिटं तेल चोळल्याने कोणी सोकावत नाही. थट्टेने मात्र मूल सांगायचंच सोडतं, आणि सिंधुदुर्गात ते परवडणारं नाही. पावसाळ्यात चिखलपाण्यात खेळल्यावर ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत कळा आल्या तर लेप्टोची शंका घ्यायची. जानेवारी ते मेमध्ये बांदा-दोडामार्ग पट्ट्यात ताप आणि अंगदुखी असेल तर माकडतापाची. एकच पाय दुखणं, लंगडणं, सूज, ताप किंवा सकाळीही न ओसरणारी कळ, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टोपणनाव खुशाल ठेवा. फक्त आधी पोटऱ्या चाचपून बघा.