घर, शेत आणि गिऱ्हाईक

निवाऱ्याचा प्रश्न केवळ छपराने सुटत नाही. पेडणे व डिचोली तालुक्यांतील ग्रामस्थांना हे ठाऊक आहे. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मुंडकारांना १९७५ च्या कायद्याने घरातून हुसकले जाण्यापासून संरक्षण दिले. परंतु घर चालण्यासाठी हाताला काम आणि पिकविलेल्या मालाला गिऱ्हाईकही लागते.

या दृष्टीने विदर्भातील वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. कुष्ठरोगामुळे घरादाराला मुकलेल्या माणसांसाठी बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. शासनाने दिलेल्या खडकाळ माळावर रहिवाशांनी स्वतः विहीर खोदली, धान्य व भाजीपाला पिकविला. मात्र रोगाच्या धास्तीने वरोऱ्याचे नागरिक त्यांची भाजी व दूध घेईनात. १९५४ साली अनेक देशांतील स्वयंसेवक तेथे श्रमदानास आले, रहिवाशांसमवेत राबले व जेवले. ते पाहून लोकांची भीती ओसरली आणि मालाला गिऱ्हाईक मिळू लागले. कुष्ठरोग औषधोपचाराने पूर्ण बरा होतो व भाजीपाल्यातून तो पसरत नाही, हे आज सर्वमान्य आहे.

यातील बोध स्पष्ट आहे. दानाने एक वेळचे पोट भरते. नियमित खरेदीने शेत चालू राहते. हंगामापूर्वीच काही कुटुंबांनी थोडी रक्कम आगाऊ दिल्यास बियाण्याचा खर्च भागतो, कर्ज टळते आणि भाजीची नासाडी कमी होते. गावातील निराधारांच्या मळ्याला अशी बांधील गिऱ्हाइके मिळवून देणे हे शाळा, पंचायत व महिला मंडळे यांना सहज साधण्याजोगे कार्य होय.